मधोमध नाना

आमच्या नानांचा फोटो हवा असेल, तर दुसऱ्या कुणाचाही काढायला घ्यावा. नाना आपोआप त्यात येतात, आणि येतात ते मधोमध.

नाना माझे थोरले चुलते. पाथर्डीजवळच्या आमच्या गावात बारसं असो की बैलपोळा, कुणाचा मोबाईल वर झाला की "थांबा, आलो!" अशी आरोळी येते. टोपी सारखी करत नाना गर्दीतून वाट काढतात आणि बरोबर मध्ये उभे राहतात. "मधी कुनी न्हाई तर फोटो कसला? जू नसलेल्या गाडीवानी दिसतंय." एकदा शनिशिंगणापूरला ते एका अनोळखी कुटुंबाच्या फोटोत शिरले. त्या लोकांनी वर त्यांच्या पाया पडून घेतलं.

हे मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचो. पण लग्नानंतर पंधरवड्यात मी नोकरीसाठी कॅनडात परतलो आणि इथून सुनीताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या व्हिसासाठी अर्ज केला, तेव्हा कौतुक आटलं. लग्न खरं आहे हे पटायला इथल्या कार्यालयाला नवरा-बायकोचे एकत्र फोटो हवे होते. मी अल्बम उघडला. लग्नात एकीकडे मी, एकीकडे सुनीता, मध्ये फेटा बांधलेले नाना. सत्यनारायणाला तेच. शिंगणापूरच्या दर्शनालाही तेच, फक्त फेट्याऐवजी टोपी. एका फोटोतून मी नानांना कापून काढलं, तर माझ्या खांद्यावर त्यांचा हात तेवढा राहिला.

तरी आहेत ते फोटो पाठवले. उलट विचारणा आली : मधल्या गृहस्थांचं अर्जदाराशी नातं काय? फक्त दोघांचे फोटो आहेत का? ते न मिळाल्यास अर्ज नामंजूर होऊ शकतो.

फोनवर नाना पेटलेच. "लगीन खोटं? आरं, मी मधी हुतो की! दे त्या सायबाला फोन."

"नाना, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? ऊसतोडीला मुकादमानं कधी फोटो मागितला न्हाई. नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. तू तिकडं अर्धा, सूनबाई हितं अर्धी. कामं हुतील का? एवढं सांग त्याला."

एवढं सांगायला मला इंग्रजी सापडेना. शेवटी रजा काढून मी गावी गेलो.

नाना आणि काकू हंगामामागून हंगाम ऊस तोडत राहिले, म्हणून मी वसतिगृहात राहून शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. नानांशी मी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. पण सुनीता आणि मी अंगणात फोटोला उभे राहिलो, "थांबा, आलो!" कानावर आलं, आणि माझ्या तोंडून निघालंच, "नाना, सारखं मध्येच कशाला उभं राहायचं असतं हो तुम्हाला?"

नाना थबकले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"तुझी काकू हुती तवर मी कडंलाच ऱ्हायचो की. ती शेजारी असायची. आता कडंला उभं ऱ्हायलं की एक बाजू मोकळी पडती, दत्ता."

 सुनीतानं मोबाईल त्यांच्या हातात दिला. "नाना, आमचा फोटो तुमीच काढा."

नानांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाईल समोर धरला. मावळतीचं ऊन त्यांच्या पाठीवर होतं. लगेच त्यांना कंठ फुटला. "सरका जवळ! आजून! आता मी न्हाई मधी, मग लाजता कुनाला? आन् दत्ता, हास की जरा, व्हिसा मागतोस का जामीन?"

फोटो चांगले आले. सगळ्यांत आम्ही दोघंच होतो. आणि मधोमध, निम्मी तिच्यावर, निम्मी माझ्यावर, टोपीसकट नानांची लांब सावली.

तेच पाठवले. सावलीचं अर्जदाराशी नातं काय, हे कुणी विचारलं नाही. यथावकाश सुनीता आली. त्यातला एक फोटो आता आमच्या इथल्या भिंतीवर आहे. परवा व्हिडिओ कॉलवर नानांना तो दाखवला. डोळे बारीक करून ते बघत राहिले.

"मी कडंला तर न्हाई ना गेलो?"

"न्हाई नाना," सुनीता म्हणाली. "दोन्ही बाजूंना आमी हाव की."