नाकाला विचारून घेतलेला कोट

बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी आणि त्याच आठवड्यात मुलांपुढे अंधश्रद्धेवर भाषण ठोकून टाळ्या घेतलेली एक बाई. तिने भर दुपारी अख्खी गल्ली गोळा करून ‘हा माणूस माझ्या नवऱ्यावर करणी करतोय!’ असा ओरडा केला होता. ती बाई म्हणजे मीच.

आता मी तरी दुसरं काय समजायचं? शेजारी नवीनच राहायला आलेला. डोक्याला पटका, मिशा कानापर्यंत, कुपवाडच्या एका कारखान्यावर रखवालदार. आमच्या दोरीवर ह्यांचा कोट उन्हात टाकला होता. ह्या गृहस्थाने त्याची शिवण उलटी केली, आतलं एक सूत उपटलं, काडी ओढून ते पेटवलं आणि डोळे मिटून धूर हुंगला. करणी आणखी वेगळी कशी दिसते?

शिवाय तो कोट साधा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तो साताऱ्याहून खास ह्यांच्यासाठी आणलेला. शुद्ध लोकर! हे मी गल्लीतल्या प्रत्येकीला, कोणी विचारलेलं नसताना, सांगून ठेवलं होतं.

गल्ली जमली. तो माणूस जागचा हलला नाही. शांतपणे म्हणाला, “बाई, करनी न्हाई. कोट खोटा हाय.”

करणी निघाली असती तरी चाललं असतं मला.

त्याने चिमूट पुढे केली. “लोकर जळली की केस जळल्याचा वास सुटतो, आन् राख बोटावर मोडती. ही बघा, टनक गोळी झाली. नायलान हाय ह्ये.” सगळ्या बायकांनी ती गोळी एकेक करून दाबून पाहिली. आमचे हे पुढे कितीतरी थंड्या बिनकोटाचे हिंडले, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

ते बिराप्पा. जतकडचे धनगर. बाप-आजा मेंढरांमागे हिंडले, तेही निम्मं आयुष्य हिंडले. मग पाण्याचे फार हाल झाले, कळप विकला आणि सांगलीला आले. मेंढरं गेली, नाक राहिलं. बायको वारली. मुलगा शिदू लहान वयातच पंजाबात गेला, सोनं-चांदी गाळायच्या कामाला. आपल्याकडची पोरं जातात तसा. घरात ते एकटे. विडी नाही, तंबाखू नाही, पण खिशात काडेपेटी कायम.

माझ्या ओरड्याचा उपयोग एवढाच झाला, की त्या दिवसापासून बिराप्पा आधी विचारू लागले. “एक सूत घेऊ का?” आष्ट्याला एका लग्नात ते स्टेजवर गेले, नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला, अक्षता टाकल्या आणि कानात म्हणाले, “एक सूत घेऊ का?” पोराला वाटलं काहीतरी विधी आहे. तो हो म्हणाला. मांडवामागे जाऊन आले आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगा बरा हाय. सूट खोटा हाय. बोलनी पक्की करून घ्या.”

दुकानदारांवर त्यांचा विश्वास नव्हता, जाहिरातींवर नव्हता, लेबलवर तर मुळीच नव्हता. “लेबल कुनी शिवलं? ज्यानं कोट शिवला त्यानंच ना?” आणि वर म्हणत, “डोळं इकत घेता येत्यात, बाई. नाकाला इचारा.”

एकच कोट ह्या तपासणीतून सुटला होता. त्यांच्याच घरात खुंटीला टांगलेला, करडा, जुनाट, बाहीला भोक पडलेला. मी एकदा खोचून विचारलं, “ह्याचं सूत जाळलंत की नाही?” तर म्हणाले, “च्या टाकू का?” संशयी माणसाने विषय बदलला की माझाही संशय जागा होतो. कोट चोरीचा असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वय वाढलं म्हणून माणूस सुधारतो असं थोडंच आहे!

गेल्या वर्षी माझी नात मुक्ता शिकायला कॅनडाला निघाली. तिला पीकोट हवा होता. फोनवर चित्र दाखवलं. गडद निळा, रुंद कॉलरचा, बटणांच्या दोन रांगा. “आजी, हे खलाशी घालायचे. एकदा चांगला घेतला की वीस वर्षं बघायला नको. मागवते फोनवरूनच.”

बिराप्पा कट्ट्यावरून म्हणाले, “फोनला वास येतो का?”

झालं. साताऱ्याच्या एका दुकानात तसले कोट आहेत असं कळलं आणि आम्ही तिघं एसटीने निघालो. मी मनातून घाबरलेच होते. सातारा, कोट आणि मी, हे त्रिकूट एकदा जमून झालं होतं. तेव्हा हे नुसते कुडकुडले. आता पोरगी बर्फात जाणार होती, आणि तिथे तिला पांघरूण घालायला कोणी नव्हतं.

पहिल्या कोटाला बिराप्पांनी तोंड लावून फुंकर मारली. पलीकडे माझा हात धरलेला. वारा लागला. “चाळन हाय.” दुसऱ्याचं सूत जाळलं. “निम्मी लोकर, निम्मी लबाडी.”

“अहो आजोबा, दुकान पेटवताय का!” दुकानदार पाण्याची बाटली घेऊन धावला.

“खऱ्या लोकरीचं दुकान हुभं पेटत न्हाई. तुमी का भ्याला?”

तिसरा कोट उचलतानाच हाताला वजन लागलं. फुंकर मारली, पलीकडे काही नाही. सूत पेटवलं, ते आपलं आपण विझलं. केस जळल्याचा असा वास सुटला की दोन गिऱ्हाइकं पदर नाकाला लावून बाहेर गेली. बिराप्पांनी मात्र तो कोट गालाला लावला आणि हळूच म्हणाले, “मेंढरू हाय.”

मग एकेक बटण ओढून बघितलं. मुक्ताला आत स्वेटर घालायला लावून वर कोट चढवला, हात वर करायला लावले, कॉलर कानापर्यंत उभी केली.

“आजोबा, मानेला खाजतंय.”

“खाजू दे. खाजतंय तवर ऊब हाय.”

मुक्ता गेली. तिकडे थंडी पडली तसा तिचा फोन आला. “आजी, कोट एकदम उबदार आहे. अजिबात काळजी करू नकोस.” मी पेढे घेऊन बिराप्पांकडे गेले. वाटलं, मिशीतल्या मिशीत हसतील. पण त्यांनी पेढा तसाच हातात धरला, उठले, आणि खुंटीवरचा तो करडा कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला. बाहीच्या भोकाची कड मी चाचपली. टणक होती, गोळी झालेली.

शिदूचा कोट. जतच्या बाजारातून बापाने स्वतः, दुकानदाराच्या शब्दावर घेऊन पंजाबात धाडलेला, आमच्या गल्लीत राहायला येण्याच्या आधी. चार हिवाळे पोराचं पत्र येई, ‘आबा, कोट लय उबदार हाय.’ मग पोरगा सुट्टीवर आला. भट्टीची ठिणगी उडून बाहीला भोक पडलं होतं. बापाने कडेवरून बोट फिरवलं, आणि मेंढरांत जन्मलेल्या माणसाला कळलं.

मी म्हटलं, “पण बिराप्पा, मुक्ताचा कोट तर तुम्हीच पारखलात. खरा आहे ना?”

तेव्हा बिराप्पा म्हणाले, “कोट खराच हाय, बाई. पोरं खरं बोलत न्हाईत. तुमी परत फोन लावा, आन् काय बी इचारू नका. गप ऱ्हावा, आन् दात वाजत्यात का तेवढं ऐका.”