झाकणबाईंवर हक्क कुणाचा?

चोराला धडा शिकवायचाच, असं सुनेनं मंगळवारी दुपारी ठरवलं. लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले, त्यामुळे तिनं काही ठरवलं की काय होतं, ते घरात अजून कुणाला ठाऊक नव्हतं. (तिलाही नव्हतं.)

गोष्ट अशी, की ती गुपचूप चित्रं काढून नेटवर टाकायची. चित्रात एक गोल गरगरीत बाई, हातात सदा झाकण आणि तोंडी एखादा खमंग उपदेश. नाव झाकणबाई. ही बाई कुणावरून सुचली, ते फक्त नवऱ्याला माहीत होतं आणि त्याला तिनं शपथ घातली होती. कारण ती त्याचीच आई होती. परवा ‘अनुभवाचे बोल’ नावाच्या कुठल्याशा पेजवर तिला आपलीच अकरा चित्रं दिसली. कोपऱ्यातली सही कापलेली. खाली दोनशे बायकांचे नमस्कार.

“अगं, चित्र काढलंस त्या क्षणी ते तुझं झालं. कायदाच आहे तसा,” नवरा ऑफिसातून फोनवर म्हणाला. “त्या पेजविरुद्ध तक्रारीचा एक फॉर्म तर भरायचाय. घाबरतेस काय?”

तिनं भरला. खरं नाव मागितलं, तेही दिलं. ‘ही संपूर्ण माझीच निर्मिती आहे’ याच्यापुढे खूण करताना बोट जरा अडखळलं, पण केली.

गुरुवारी ती दूध तापवत होती, तोच सासूबाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आल्या. हातात फोन, विंचू धरावा तसा.

“अगं, मला नोटीस आलीय!”

“क... कसली?”

“माझं ते पेज आहे ना, ‘अनुभवाचे बोल’...”

सुनेची दुधावरची नजर हलली. “तुमचं?”

“फिरायला येणाऱ्या बायकांनी उघडून दिलं. कुणीतरी चित्रं पाठवली, मी टाकली. कोपऱ्यात कसलासा डाग होता, तेवढा कापला.” (महिनाभर गिरवून बसवलेली सही ती!) “नेटवरचं काय कुणाच्या बापाचं असतं? मला धरून नेतील का गं? वाच बाई, माझा चष्मा सापडत नाहीये.”

सून वाचू लागली. शेवटच्या ओळीत तिचंच नाव होतं. आडनावासकट, म्हणजे सासूबाईंच्याच आडनावासकट.

“कुणी केलीय तक्रार?”

“फार बारीक अक्षर आहे. वाचता येत नाही.”

“तुला? या वयात?” सासूबाईंच्या भीतीला आता राग फुटला. “बस, उत्तर लिही. म्हणावं, चित्रं तुझी असतील, पण बोलणं माझं आहे. ‘भांड्याला झाकण आणि तोंडाला कुलूप असलं की घर टिकतं’, हे मी म्हणते! ‘तापतं दूध आणि मोकळा नवरा, नजर हलली की गेलाच’, हेही मीच! आमच्या दाराला कान लावून लिहिलंय मेलीनं. चोर तीच! आणि साक्षीदार म्हणून माझ्या सुनेचं नाव घाल.”

मेलीनं निमूट घातलं.

तेवढ्यात दूध उतू गेलं. सासूबाई ओट्यावरचं झाकण उचलायला धावल्या आणि झाकणाखाली त्यांना चष्मा सापडला.

त्यांनी तो लावला. आधी नोटीस वाचली, मग उत्तर, मग पुन्हा नोटीस. सुनेनं डोळे मिटून मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

“तक्रार करणारी तू. साक्षीदारही तूच.” त्यांनी शेगडी बंद केली. “आणि मी इतकी जाड?”

(सुनेच्या तोंडाला कुलूप.)

“चित्रं चालू ठेव,” शेवटी सासूबाई म्हणाल्या. “पण वर माझं नाव, ठसठशीत. तुझं खाली, कोपऱ्यात. आणि बारीक हं. इतकं बारीक, की कुणालाही वाचता येऊ नये.”