मूठ पाहणारे दादाराव

दादाराव खिल्लारे नव्या माणसाच्या तोंडाकडं आधी पाहत नसत. आधी त्याची मूठ पाहत.

मी अनसिंगच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, धोतरावर खाकी सदरा, पायात फौजी बूट. कुणाचे तरी पालक असतील असं समजून मी फळ्यावर लिहीत राहिलो.

"मास्तर, खडू काहून दाबून राह्यले? त्यानं काय गुना केला?"

मी काही बोलायच्या आत ते आत आले, माझी बोटं एकेक करून सैल केली आणि म्हणाले, "धरा, पन आवळू नका." मग पोरांकडं न पाहता निघून गेले. त्या दिवसापासून माझे खडू मोडायचे थांबले, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

ही सारी विद्या आली होती गोल्फमधून. दादाराव त्याला गोलप म्हणत. लांब काठीनं लहानसा पांढरा चेंडू दूरवर मारत न्यायचा आणि शेवटी एका भोकात घालायचा, असा हा साहेब लोकांचा खेळ. नागपूरकडच्या एका छावणीत दादारावांनी सोळा वर्षं साहेबांच्या काठ्यांची थैली वाहिली होती. थैलीवाल्यानं चेंडूला काठी लावायची नाही, असा तिथला रिवाज. "मारता येत नोतं, मंग करू काय?" ते सांगत. "सोळा वर्सं हात पाह्यले. कर्नलाचे पाह्यले, डाक्टराचे पाह्यले. मानूस तोंडानं लबाडी करते, हातानं नाई करू शकत."

गावी परतताना एका साहेबानं त्यांना जुनी लोखंडी काठी आणि चार चेंडू दिले. काठीच्या मुठीवरचं चामडं फाटलेलं, तिथं दादारावांनी सायकलची ट्यूब गुंडाळली. ज्वारी निघाली की स्वतःच्या दीड एकरात ते सकाळ-संध्याकाळ चेंडू मारत आणि धसकटांतून शोधत फिरत. "सोळा वर्सं लोकाचं वझं वाह्यलं, अन् आता ढेकळं फोडून राह्यले," असं त्यांची बायको गयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

एकदा केनवडहून त्यांच्या पुतणीला पाहायला मुलगा आला. नोकरीवाला, दिसायला चांगला. सगळ्यांच्या पसंतीला उतरला होता. दादारावांनी एकट्यानं नकार दिला.

"तुमी पाह्यलं नाई का, पानी पेताना तांब्याचा गळा कसा दाबून राह्यला होता? बायकोचा काय करीन?"

भावानं डोक्याला हात लावला. पण पुतणीनंच काकांची बाजू घेतली आणि ते स्थळ मोडलं. पुढं मालेगावच्या एका पोस्टमनाशी तिचं लग्न झालं. त्याची पत्र देण्याची रीत दादारावांना फार आवडली होती.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी पाझर तलावाच्या कामासाठी एक मोठे इंजिनियर साहेब विश्रामगृहावर येऊन राहिले. त्यांच्या जीपमध्ये गोल्फची थैली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मागच्या माळावर चेंडू मारू लागले आणि तासाभरात अर्धं गाव कुंपणापाशी जमलं. मीही होतो. दादाराव अर्थातच सगळ्यांच्या पुढं.

साहेबांचा प्रत्येक चेंडू सरळ निघायचा आणि मध्येच उजवीकडं वळून बोरीच्या काट्यात जायचा. सात चेंडू गेले. आठव्याला दादारावांना राहवलं नाही.

"साहेब, डाव्या हाताच्या बोटाची एकच गाठ दिसून राह्यली तुमची. दोन दिसल्या पाह्यजेत. हात जरासा आत वळवा. अन् उजव्यानं दाबू नका, तो पावना हाय. मूठ आवळली का मनगट अडकते, काठीचं तोंड उघडं राह्यते, चेंडू बोरीत जाते."

साहेबांनी वळून त्यांच्या बुटांपासून पागोट्यापर्यंत पाहिलं. "तू खेळतोस?"

"थैली वाह्यली, साहेब."

"मग इकडे ये. त्या बाभळीच्या पलीकडे मारून दाखव. नाही गेला तर आयुष्यात कुणाला शिकवायचं नाही."

बाभूळ दीडशे पावलांवर होती. गर्दीतून गयाबाईंचा आवाज आला, "घरी चला. कायले फजिती करून घेता?"

दादाराव कुंपण ओलांडून गेले. साहेबांची काठी त्यांनी दोन्ही हातांत अशी घेतली, जशी बाळंतिणीकडून मूल घ्यावं. माळावर गवत होतं, चेंडू कोरा होता आणि सारं गाव पाहत होतं. यातलं काहीही त्यांच्या वावरात कधी नव्हतं. त्यांनी काठी फिरवली. चेंडू फरफटत दहा पावलं गेला आणि थांबला.

लोक हसले. साहेबही हसले आणि काठी घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

"मीच मूठ आवळली," दादाराव म्हणाले. आवाजात ना लाज, ना सबब. चूक दुसऱ्या कुणाची असती तर जसं सांगितलं असतं, तसंच त्यांनी सांगितलं. "अजून एक मारू द्या, साहेब."

साहेबांनी हात मागं घेतला.

दादारावांनी दोन्ही हात झटकले, धोतराला पुसले. डावा हात ठेवला, गाठी मोजल्या. उजवा त्यावर नुसता टेकवला. काठी मागं गेली आणि कुठलीही घाई न करता खाली आली. चेंडूला लागल्यावर त्यांची मनगटं अशी उलगडून फिरली, जसं दार आपल्याच वजनानं मिटतं. आवाजसुद्धा फार झाला नाही. चेंडू बाभळीच्या शेंड्यावरून गेला आणि पलीकडच्या नाल्याच्याही पार पडला.

मग कुंपणापाशी जो कल्ला झाला, तो बाजारापर्यंत ऐकू गेला असेल. माझ्या शेजारचे सरपंच कुणी न विचारताच सांगत होते, "आमच्या गावचे हायत."

पुढचा अर्धा तास साहेब विद्यार्थी झाले. दादारावांनी त्यांचा हात वळवला, उजव्या हाताची बोटं सैल केली आणि तिसरा चेंडू बाभळीच्या दिशेनं सरळ गेला. साहेब त्याच्याकडं पाहतच राहिले. अंधारून येताना दादाराव सवयीनं थैली उचलायला वाकले, तर साहेबांनी ती आधीच खांद्याला लावली. "राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही उद्या याल ना?"

आठ दिवस दादाराव रोज गेले. गावात त्यांना कुणी ढेकळं फोडणारा म्हणेना. लोक आपणहून त्यांच्यापुढं मुठी धरून उभे राहू लागले.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी काही कामानं मी त्यांच्या वावराकडं गेलो. तुरीच्या कडेला आलो आणि तिथंच थांबलो. काठी गयाबाईंच्या हातात होती. दादाराव त्यांच्यापुढं गुडघे टेकून मातीच्या चिमुकल्या ढिगावर चेंडू ठेवत होते.

गयाबाईंचा उजवा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. एरवी तो कायम पदराखाली असायचा. त्याची दोन बोटं नव्हती. नवरा छावणीत असताना कडबा कापायच्या यंत्रात ती गेली होती. त्याचं पत्र छावणीत मिळालं त्याच आठवड्यात दादाराव नोकरी सोडून गावी आले, हे मला नंतर कळलं.

"कोनी पाह्यलं तं?" गयाबाई म्हणाल्या.

"पाहू दे. तुही मूठ साहेबाहून बरी हाय."

गयाबाईंनी काठी फिरवली. चेंडू उडाला आणि पार बांधापर्यंत गेला. दादाराव धोतर वर खोचून त्याच्यामागं पळत सुटले. गयाबाई जागच्या हलल्या नाहीत. उन्हाची तिरीप येत होती, म्हणून तो तीन बोटांचा हात कपाळाशी धरून त्या चेंडू कुठं पडला ते पाहत होत्या.