सांबुशातला बटाटा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तांडेलकाकांचं नाव घेईन. त्यांच्यासमोर मात्र घेणार नाही, कारण उपकार हा शब्द ऐकला की ते खोलीतून उठून जातात. सामोसा हा शब्द ऐकला तरी उठून जातात. त्यांच्या घरी जे तळतात त्याला सांबुसा म्हणायचं. तो केनियातल्या मोंबासाचा. त्यात खिमा असतो. बटाटा घातला की त्याचा सामोसा होतो, आणि सामोसा ही, काकांच्या मते, गाडीची वाट बघताना नाइलाजाने खायची वस्तू आहे.

मी बार्शीचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सिंगापूरला शिकायला आलो तेव्हा क्लेमेंटीत एक खोली मिळाली होती, पण घरमालकाने ती मध्येच सोडायला सांगितली. कोणीतरी बुकित बातोकचा एक पत्ता दिला. दार उघडलं ते लुंगी नेसलेल्या, हातात लाटणं घेतलेल्या माणसाने.

"मटण खातोस?"

"हो."

"मग ये आत. बॅग तिकडे ठेव आणि हात धू."

उभं आयुष्य जहाजांच्या इंजीनरूममध्ये काढलेल्या माणसाने घेतलेली माझी मुलाखत एवढीच. शिक्षण संपेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिलो.

शनिवारी सकाळी सांबुसे. मैद्याच्या छोट्या पोळ्या करायच्या, मध्ये तेल आणि कोरडं पीठ लावून एकावर एक रचायच्या, सगळ्या एकदम पातळ लाटायच्या आणि तव्यावर जेमतेम शेकून पुन्हा सुट्या करायच्या. "इंजिनाचं चिकटलेलं गॅस्केट सोलतोस असं समज. घाई केलीस की फाटलं." मग पट्ट्या कापून त्यांचा कोन वळायचा, कोरडा परतलेला खिमा भरायचा आणि कड खळीने चिकटवायची. झालेला प्रत्येक सांबुसा काका ट्यूबलाइटसमोर धरून बघत.

"लीक आहे," ते म्हणत, आणि माझा सांबुसा माझ्याकडे परत येई.

शेजारच्या चिनी आँटी खिडकीतून डोकावत. "अंकल, टुडे गॉट एक्स्ट्रा ऑर नॉट?"

"वेट लाह. इन्स्पेक्शन नॉट फिनिश."

माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारीही त्याच ओट्यापाशी झाली. माझं उत्तर लांबलं की काका लाटणं आपटत. "नळ बंद कर. विचारलं तेवढं सांग." आजही मीटिंगमध्ये बोलताना मला ते लाटणं ऐकू येतं.

त्यांच्याकडे मोबाइल होता, पण तो फ्रिजवर उपडा पडलेला असे. "बोलायचं असेल तर यावं. येता येत नसेल तर पत्र टाकावं. आम्ही पत्रांवर संसार केला."

हा संसार कुसुमकाकूंशी. काकू मोंबासातच जन्मलेल्या. त्यांचे वडील तिथे रेल्वेत कारकून. काकांचं जहाज त्या बंदरात दुरुस्तीला अडकलं, आणि मराठी माणूस म्हणून त्यांना त्या घरी जेवायला बोलावणं आलं. "जहाज सुटलं, मी अडकलो," एवढंच ते सांगत. मी राहायला गेलो तेव्हा काकू जवळच्या, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या नर्सिंग होममध्ये होत्या. त्यांची आठवण पुसत चालली होती. काका रोज जात. शनिवारी जाताना स्टीलचा डबा नेत.

एक गोष्ट मला कळत नसे. बटाट्याला इतकी नावं ठेवणारा हा माणूस दर शनिवारी एक बटाटा उकडत असे. सगळे सांबुसे झाले की शेवटच्या पट्टीत तो कुस्करून भरत असे, आणि ओळखायला त्याचं टोक दुमडून ठेवत असे.

"काका, हा कोणासाठी?"

"चाचणीचा आहे. गप बस."

म्हातारपणाची लहर, असं मी धरून चाललो होतो. मग एका शनिवारी त्यांचा गुडघा सुजला आणि डबा धरायला ते मला बरोबर घेऊन गेले.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. काकांना बघून अदबीने म्हणाल्या, "बसा ना. आपण नवीन का इथे?"

"हो, नवीनच," काका म्हणाले.

त्यांनी एक चांगला सांबुसा दिला. काकूंनी तो मुकाट्याने खाल्ला. मग काकांनी दुमडलेल्या टोकाचा पुढे केला. काकूंनी एक घास घेतला, थांबल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, पुन्हा बटाटा? कितीदा सांगायचं तुम्हाला? माझ्या आईने बघितलं तर दारात उभं करणार नाही."

"चुकलं," काका म्हणाले. मान खाली होती, पण कान लाल झाले होते, एखाद्या नवऱ्या मुलासारखे. काकू आणखी थोडं रागावल्या, मग पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

परतताना बसमध्ये काका म्हणाले, "आज नीट रागावली." 

मला नोकरी लागली, मी आंग मो किओला राहायला गेलो, तरी शनिवार चुकवत नव्हतो. गेल्या महिन्यात काकूंनी दुमडलेल्या टोकाचा तो सांबुसा हातात घेतला, शांतपणे संपवला आणि रुमालाने ओठ टिपले.

"छान झालाय हो, भाऊ. कोणी शिकवलं तुम्हाला?"

काका डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बायकोने."

"चांगली असेल हो ती."

"आहे," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कढई धुऊन वर ठेवून दिली. काकूंकडे रोज जातात, पण रिकाम्या हाताने. मी दोनदा गेलो तर जाळीच्या दारातूनच म्हणाले, "आज नको रे." फोन उचलण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून काल हे पत्र टाकलं:

*तीर्थस्वरूप काकांस,*

*दत्ताचा साष्टांग नमस्कार.*

*पत्रास कारण की, मी इथे माझ्या घरी एकट्याने सांबुसे केले. पोळ्या सुटल्या नाहीत, फाटल्या. खळ पातळ झाली. ट्यूबलाइटसमोर धरले तर सगळेच लीक आहेत. खिमा कमी पडला म्हणून एकात बटाटा घातला आहे.*

*शनिवारी डबा घेऊन येतो. कृपा करून दार उघडावे आणि एक तरी खाऊन बघावा. मग आपण दोघे काकूंकडे जाऊ. त्यांना छान वाटले तर वाटू द्यावेत. रागवायचे काम आता तुम्ही करा. मला सवय आहे.*

*आपला,*
*दत्ता*