अर्धी कांडी

आमच्या गल्लीतले गुंडूअण्णा मोटार शर्यतीला बसण्याआधी पाय धुतात. चूळ भरतात, टोपी सारखी करतात, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला टेकवतात आणि मग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतात.

शर्यत कॉम्प्युटरवरची, हे आधीच सांगून टाकतो. खऱ्या आयुष्यात अण्णांनी सायकलीपलीकडं काही चालवलेलं नाही. खड्डा हातमागाचा. शहापुरात चाळीस वर्षं त्यांनी याच खड्ड्यात पाय घालून साड्या विणल्या. पुढं माग गेला, खड्डा राहिला. मुलगा विनायक नोकरीला जर्मनीला गेला, तो जाताना आपलं शर्यतीच्या खेळाचं सगळं सामान घरीच ठेवून गेला. एके दिवशी अण्णांनी त्यातले पेडल उचलले आणि मागाच्या पायानं दाबायच्या पावड्या जिथं होत्या बरोबर तिथं बसवले. "पायाला जागा म्हायती हाय," म्हणाले.

तो खेळ मीही खेळतो. वय बेचाळीस, ऑफिसात हेड क्लार्क, आणि दरवेळी पहिल्याच वळणावर भिंतीत! म्हणून लाज सोडून अण्णांकडं शिकायला गेलो.

"चप्पल काढ," अण्णांचा पहिला धडा. "पायाला कळाय पायजे. ब्रेक कुठं दाबतास?"

"वळणात."

"मग तिथंच मेलास. ब्रेक सरळ रस्त्यावर दाबायचा, चांगला जोर लावून. वळताना त्योच ब्रेक हळूहळू सोडायचा, धागा सैल सोडल्यागत. एकदम पाय उचललास की मागची बाजू फिरलीच म्हणून समज. आन् नाकाफुडं काय बघालास? वळण सुटतंय कुठं, तिकडं बघ की!"

टायर नवे घातले की पहिली फेरी दमानं घ्यायची, हेही त्यांनीच शिकवलं. "अजून तापायचे हायत रं ते. नव्या सुनंला पहिल्याच दिवशी शंभर भाकऱ्या थापाय लावतास व्हय?" मागून कोणी धडकलं तर मात्र अण्णा मराठी सोडून कानडीत शिरतात. "कण्ण काणंगिल्लेनु?" म्हणून गरजतात, म्हणजे डोळे फुटले का तुझे! ज्याला म्हणतात तो कुठल्या मुलखात बसलाय, देव जाणे. महिन्याभरात मी भिंतीतून बाहेर आलो. खोटं कशाला बोलू, अण्णा या खेळातला पोचलेला माणूस.

पण एक खोड होती, थांबायची. शर्यतीच्या मधेच गाडी बाजूला घेऊन टायर बदलायचे, पेट्रोल भरायचं, याला पिट स्टॉप म्हणतात. जितकं कमी थांबाल तितकं बरं. अण्णा याला म्हणतात कांडी बदलणं. आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते, ती संपली की माग थांबवून दुसरी घालायची. तासाभराच्या शर्यतीत अण्णा तीन-तीनदा थांबायचे, तेही टाकी अर्धी भरलेली असताना! विचारलं की एकच पालुपद. "कांडी संपायची वाट बघू ने."

शर्यत रविवारी संध्याकाळी. गाडी अण्णांची, शेजारी ट्रंकेवर कागद-पेन्सिल घेऊन मी स्वयंघोषित मॅनेजर, आणि टायर-पेट्रोलचं बघायला जर्मनीतून आपल्या कॉम्प्युटरवर विनायक, अण्णांच्या कानातल्या हेडफोनमध्ये. गाडी पळत असताना कुणी चकार शब्द बोलायचा नाही, हा अण्णांचा कायदा. थांबल्यावर जे बोलणं व्हायचं त्यातली एकच बाजू मला ऐकू यायची. "मऊ घाल… चाळीस लिटर… जेवलास?… नुसता भात व्हय?… बरं, सोड." वीस-पंचवीस सेकंद. तेवढ्यात चार गाड्या पुढं! माझं डोकं तडकायचं.

दरवेळी सहावे नाहीतर सातवे. शेवटी मी हिशोबाला बसलो. टाकी फुल्ल, टायर कडक, आणि ब्रेकच्या जरा आधीच ॲक्सिलरेटर सोडत गेलं तर पेट्रोल तासभर पुरतं. न थांबता पहिल्या तिनात!

"अण्णा, आज कांडी-बिंडी काय नाही. सरळ शेवटपर्यंत."

अण्णांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "एकदा तरी थांबूया की रं."

"एकदाही नाही! पहिल्या तिनात आलो तर विनायकला किती आनंद होईल, बघा की."

हे लागू पडलं. "त्यो खूश हुईल म्हणतास? बरं तर."

काय चालवली म्हणून सांगू त्या दिवशी! तासभर एक चूक नाही. तिसरे आलो! मी ट्रंकेवर उभा राहून नाचलो. अण्णांनी हेडफोन काढून ठेवला. विनायक काही कामानं बाहेर निघून गेला होता, मोबाईलवर त्याचा निरोप आला होता. अण्णांनी चष्मा लावून बघितला.

"काय म्हणतोय?" मी.

"अंगठा पाठिवलाय." चष्मा काढून ते म्हणाले, "जेवला का न्हाय, आज इचारायचंच ऱ्हायलं."

"मग फोन करा की!"

चहा घेऊन आलेल्या काकू, अण्णांच्या पत्नी, दारातूनच म्हणाल्या, "फोनवर कुठं बोलत्यात दोघं? ह्ये म्हणणार, बरा हाईस न्हवं. त्यो म्हणणार, व्हय. की लगीच फोन माझ्याकडं. पयल्यापासनं असंच. मागाच्या खडखडाटात बोलता येतंय व्हय? पोरगं शेजारी बसून कांड्या द्यायचं. कांडी बदलाय माग थांबला की तेवढंच बापलेकाचं बोलणं. ह्ये तर अर्धी कांडी शिल्लक असताना थांबवायचे माग."

अण्णा खाली वाकून पेडल पुसत होते. वर बघेनात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि "जेवलास?" हा शब्द मला पंचवीस सेकंदांचं नुकसान वाटत होता.

पुढच्या रविवारी कायदा मीच मोडला. टाकी अर्ध्याच्या वर, आम्ही चौथे, गाडी सुसाट, आणि मी बोललो.

"अण्णा, कांडी संपत आली."

त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडं बघितलं. मग रस्त्यावरची नजर काढून, पहिल्यांदाच, माझ्याकडं बघितलं आणि गाडी आत घेतली.

"विनू, टायर मऊ घाल," अण्णा म्हणाले. "आन् सावकाश घाल. गडबड न्हाय."