तुषार कचरा काढतो

‘बोलू नकोस’ असं आजवर कुणालाही मला सांगावं लागलेलं नाही. ‘श्वास घेऊ नकोस’ असं सांगणारा मात्र तुषार पहिलाच.

कॉलेजच्या पॉडकास्ट प्रोजेक्टसाठी आमची जोडी सरांनी लावली. विषय होता, आवाजावर पोट भरणारी माणसं. तुषार प्रश्न विचारणार आणि एडिटिंग करणार. मी माइक धरणार आणि, त्याच्या मते, श्वास घेणार. बोलताना माणसं अडखळतात, ‘अं’ करतात, आवंढा गिळतात. या सगळ्याला तुषार ‘कचरा’ म्हणतो. हेडफोन लावून तासन्‌तास तो वेचत बसतो. काय चाललंय विचारलं, की उत्तर ठरलेलं. “कचरा काढून राहिलो ना!”

हे ‘राहिलो’ माइक बंद असतानाचं. तुषार अमरावतीकडचा. माइक सुरू झाला की मात्र तो “नमस्कार, श्रोतेहो” असं काही म्हणतो, की पेठेतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनाही आपलं मराठी तपासून घ्यावंसं वाटेल. मी तर इंग्रजी माध्यमातली. मी माइक धरते.

कसबा पेठेत आम्ही लग्नं लावणाऱ्या एका गुरुजींकडे गेलो. ऐन मंगलाष्टकात तुषारनं हात वर केला. “गुरुजी, मध्ये श्वास ऐकू येतोय. पुन्हा घेऊ या?”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, जन्मभर श्वास घेऊनच लग्नं लावली. त्यापायी एकही मोडलेलं नाही. मोडली ती इतर कारणांनी.”

तुषारनं श्वास काढलेच. एपिसोडमधले गुरुजी ऐकले, की नवरा-नवरीला शेवटची बस गाठायची असावी असं वाटतं.

शेवटचा एपिसोड त्याच्या बाबांवर होता. ते संत्र्यांच्या लिलावात बोली पुकारायचे. पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली, थोडी परतली. पुढच्या उपचारांसाठी ते कात्रजला तुषारच्या खोलीवर राहत होते. आईला शेत सोडून येता येत नव्हतं, आणि तिच्याशी फोनवर बोलायला बाबा तयार नसत.

रेकॉर्डिंग सुरू झालं.

“मी... सकाळी...” बाबा थांबले. शब्द सापडेना. मी तुषारकडे पाहिलं; आता याचा हात वर जाणार. गेला नाही. आवाज नको म्हणून पंखा बंद, कपाळावर घाम, आणि तुषार नुसता बसून.

“...बाजारात,” बाबा म्हणाले. तुषारनं अशी मान डोलावली, जणू पुढचा शब्द दिवाळीनंतर आला तरी चालेल.

शेवटी बाबांनी त्याचं मनगट धरलं. “तुह्या मायले... असं... आयकवू नको.”

त्यानंतर तुषार बरेच दिवस कॉलेजात दिसला नाही. मग एपिसोड आला. बाबा फडाफडा बोलत होते.

सरांना कच्चं रेकॉर्डिंगही द्यावं लागतं. दोन्ही ऐकून ते म्हणाले, “अरे, खरी गोष्ट त्या थांबण्यातच आहे. ते परत टाक, पैकीच्या पैकी देतो. नाहीतर निम्मे.”

“निम्मेच द्या, सर.”

निम्मे माझेही होते. पण मला विचारायची पद्धत आमच्या जोडीत नव्हती.

जिन्यातच त्यानं एपिसोड आईला पाठवला. आम्ही पायरीवर बसून राहिलो. तिचा फोन आला तसा त्यानं स्पीकर लावला. शाबासकी मलाही ऐकवायची असणार.

“किती साफ बोलले रे! जुनं आहे का हे?”

“नाही माय. आताचंच आहे.”

“मंग बरे झाले का रे बाबू ते? घरी कधी आणशीन त्याहिले?”

तुषारनं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याची सॅक उचलली आणि जिन्याच्या खालच्या वळणावर जाऊन थांबले.