खंडेनवमीचं बेरिंग

पहिलंच सांगून ठेवतो, पिकअपच्या पुढच्या चाकाचं बेरिंग बदलणं ही काही लय मोठी इद्या न्हाई. चाक काढायचं, जुनं बेरिंग ठोकून बाहेर, नव्यात ग्रीस भरून आत. तरी आमच्या गावचा मिस्त्री बन्सीधर मला चारचौघांत म्हणला, "अप्पा, तुमच्यानं न्हाई व्हायचं. दसरा होऊ द्या, मी करून देतो."

दसरा होऊ द्या म्हणे! मळ्यात पंधरा क्रेट झेंडू तोडून ठेवलेला. दसऱ्याच्या सकाळी परभणीच्या मार्केटात गेला तर त्याचं सोनं, आणि त्याच दिवशी दुपारनंतर त्याला म्हैस बी तोंड लावत न्हाई. गावातल्या बाकीच्या गाड्या आधीच ठरलेल्या. माझी पंधरा वर्षांची पिकअप निघाली की पुढून अशी घरघरायची की लोक म्हणायचे, गिरणी आली. चाक हातानं हलवलं तर पडायला आलेल्या दातावानी हलायचं. म्हणजे बेरिंग आजच बदलायचं आणि मीच बदलायचं. त्या बन्सीधरला दाखवायचंच होतं.

आज म्हणजे खंडेनवमी, हत्यारं पुजायचा दिवस. हे मला माहीत होतं, पण रागात माणसाला माहीत असून काय उपयोग.

दुपारी दारात जॅक लावला, चाक काढलं, आतलं-बाहेरलं दोन्ही जुनी बेरिंगं काढून उकिरड्यावर फेकली. नव्या बेरिंगांत बोटानं दाबून दाबून ग्रीस भरलं आणि ओट्यावर पेपर टाकून मांडून ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. बन्सीधरच.

"अप्पा, नट किती आवळायचा माहीत हाय का?"

"तुझा गळा किती आवळायचा तेवढं माहीत हाय," मी म्हणलो, आणि मग आमचं जे जुंपलं ते जुंपलं. मागून माझी बायको त्रिवेणी पूजेचं ताट घेऊन आली.

"अवं, ह्या नव्या सामानाला बी हळदकुंकू लावू का?"

"लाव. माझ्या टकलाला बी लाव," मी वरडलो.

तिनं दोन्हीला लावलं. बेरिंगांवर हळदकुंकू, मूठभर अक्षता आणि एकेक झेंडू, टकलावर नुसतं कुंकू. फोनच्या तावातावात मला काहीच कळलं न्हाई. वळून बघतो तर ओट्यावर बेरिंगं न्हाईत, पाने न्हाईत, हातोडी न्हाई. सगळं देवघराम्होरं पाटावर, विळ्या-खुरप्यांच्या शेजारी. आणि माझी माय महादेवी तिथं राखण करायला बसलेली.

"माय, पाना दे."

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई. पूजा झाली. उद्या उचल."

"अगं, उद्या सकाळी फुलं न्यायची हायेत."

"मग काल काय झोपला होतास?"

काल मी बन्सीधरसंग भांडायलो होतो, पण ते सांगून उपयोग नव्हता.

तरातरा गावात निघालो. ट्रॅक्टरवाले दिनकरराव म्हणले, "अप्पा, दहा पाने हायेत, पण सगळ्यांवर कुंकू पडलंय." वेल्डिंगवाल्यानं दुरूनच हात जोडले. सायकलच्या दुकानात तर हवा भरायच्या पंपाला हार. शेवटी बन्सीधरच्या गॅरेजवर गेलो, ह्याहून मोठी बेइज्जती काय असती. तिथं पान्यांची अख्खी रांग नारळाम्होरं आडवी पडलेली.

"आज बिलकुल न्हाई जमायचं अप्पा," तो दात काढत म्हणला. "पण टकलावरचं कुंकू लय शोभायलंय."

अख्ख्या गावात मी तसाच फिरलो होतो आणि एका बी नालायकानं सांगितलं न्हाई.

घरी येऊन आदळआपट केली. जेवणार न्हाई म्हणलो. शेवटी माय पाघळली. "घे उचलून. पण आधी पान्याची माफी माग."

"कोणाची?"

"पान्याची. डोकं टेकव."

पन्नाशीला आलेला माणूस मी, पान्याम्होरं डोकं टेकवून 'चुकलं' म्हणलो. एवढ्या रागात आजवर कोणी कोणाची माफी मागितली नसंल. मग बेरिंगं उचलली, फुलं फेकली, कुंकू फडक्यानं पुसलं, अक्षता झटकल्या. राहिल्या असतील चिकटून दोन-चार, म्हणलं जाऊ दे, आणि वरून आणखी बोटभर ग्रीस थापून दिवस मावळायच्या आत चाक बसवलं.

दसऱ्याला उजाडताच फुलं भरून मी आणि त्रिवेणी निघालो. गाडी अशी गुमान चालली की बन्सीधरला ऐकवायला मी फोन बी काढला. ताडकळस ओलांडलं आणि पुढून आवाज सुरू झाला. त्याच्यापेक्षा गिरणी परवडली. कर्र, कर्र, ठक. मग भात करपल्यासारखा वास. चाकाच्या मधी हात लावला तर चटकाच बसला.

रस्त्याच्या कडंला चाक काढलं, आत बोट घातलं, तर ग्रीसमधी तांदळाचं पीठ.

"तू बेरिंगाचं लगीन लावलंस काय?"

"मी इचारून लावलं," त्रिवेणी म्हणली. "तुमीच लाव म्हणलाव."

त्यावर मी जास्तच वरडलो. मग चाकाम्होरं फतकल मारून एकेक दाणा काडीनं टोकरायलो, बेरिंगं डिझेलनं धुवायलो, आणि तोंड चालूच. बन्सीधर, नवमी, तांदूळ, ज्यानं जगात पहिला पाना बनवला तो, कोणाला सोडलं न्हाई. आठ वाजले, साडेआठ वाजले. मार्केट उठत आलं असंल. चार महिने पाणी देऊन वाढवलेली फुलं माझ्या डोळ्यांदेखत सुकायली होती, आणि ही बाई गाडीच्या मागं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांसंग बोलायली होती. मोटरसायकल थांबायची, ऑटो थांबायचा, टेम्पो थांबायचा. मला वाटलं, नवऱ्याची फजिती सांगायली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी चाक बसलं. फिरवून बघितलं, आवाज न्हाई. हात पुसत उठलो.

"चल, बस गाडीत. अजून बी येळ हाय, पोचतो आपण मार्केटला."

"काय घेऊन?" ती म्हणली.

मागं जाऊन बघितलं. रिकामे क्रेट एकावर एक नीट रचून ठेवलेले. शेवटच्या क्रेटातली फुलं ती एका म्हाताऱ्याच्या पिशवीत भरायली होती. मी काही बोलायच्या आत म्हातारा तिला हळूच म्हणला, "बाई, माल एक नंबर हाय तुमचा. पण डायवर बदला. लय तोंडाळ हाय."

"सणाच्या दिवशी दुसरा कुठं मिळायचा काका," त्रिवेणी पिशवीला गाठ मारत म्हणली.